खडकावरील ओरखडे आणि दोन अंशांची चूक

न्हाणीघराची फरशी घालताना गवंड्याचा हात किंचित चुकला, तर पाणी मोरीकडे न जाता भलत्याच कोपऱ्यात साचते. कौलारू छपराचे तसे नाही. तेथे तेवढीच चूक झाली, तरी पाणी वळचणीलाच उतरते. उतार जितका अल्प, तितकी त्याची दिशा बेभरवशाची. हीच गोष्ट भूशास्त्रज्ञाला पुष्कळदा चकविते.

भूकवच दुभंगून त्याचे भाग एकमेकांवरून सरकतात, त्या भेगेला भ्रंश म्हणतात. सरकताना भ्रंशपृष्ठावर ओरखडे उमटतात. अमेरिकेत वॉलेस यांनी १९५१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये बॉट यांनी १९५९ मध्ये या विषयाचा पाया घातला. खडकातील प्रतिबलाचा, म्हणजे अंतर्गत दाब-ताणाचा, जो घटक पृष्ठाला समांतर असतो, त्याच्याच दिशेने खडक सरकतो, असे त्यात गृहीत आहे. तेव्हा अनेक भ्रंशांवरील ओरखडे मोजून उलट गणित मांडले, की प्राचीन प्रतिबलाचे तीन परस्परलंब अक्ष हाती येतात. दाब किती होता, हे मात्र ओरखडे सांगत नाहीत.

आता चूक कोठे शिरते ते पाहू. भ्रंशपृष्ठ ओबडधोबड असते. उपकरण वीतभर सरकविले की माप बदलते. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण तर स्वतःच चुंबकीय असल्याने होकायंत्राची सुईही विचलित करू शकतो. पृष्ठावर काटकोनात उभी केलेली काठी मोजणीत २ अंशांनी बाजूला कलली, असे समजा. पृष्ठाचा उतार ६० अंश असेल, तर उताराची दिशा सुमारे सव्वादोन अंशांनी चुकेल. उतार ५ अंशच असेल, तर वीसहून अधिक अंशांनी! प्रतिबलाचा एक अक्ष उभा असेल, तर अशा सपाट पृष्ठावरील ओरखड्यांची गणिताने काढलेली दिशाही तशीच भरकटते. किंबहुना कोणत्याही मुख्य अक्षाला जवळजवळ काटकोनात असलेल्या पृष्ठाची हीच गत होते, कारण तेथे समांतर घटकच क्षीण असतो.

गणित मात्र सर्व भ्रंशांना सारखेच मत देते. मग न जुळणारे भ्रंश वेगळे काढून, त्यांच्यासाठी प्रतिबलाचा एक निराळाच कालखंड कल्पिण्याचा मोह होतो. दप्तरात वर्षे काढलेल्या मला यात नवल वाटत नाही. तक्त्यात एकदा बसलेला आकडा पुढे सहसा कोणी हलवीत नाही.

येथे तो मुद्दाम हलवावा लागतो. प्रत्येक माप संभाव्य चुकीच्या मर्यादेत शेकडो वेळा बदलून गणित पुन्हा सोडवावे आणि अक्ष किती फिरतात ते पाहावे. फार फिरत असतील, तर नकाशावर एकच बाण न काढता ते फिरतात तेवढा सारा पट्टा दाखवावा.