दक्षतेचा खर्च

राष्ट्राच्या अंदाजपत्रकात काही खर्च असे असतात, की त्यांचे फळ म्हणून बोट ठेवून दाखविण्यासारखे काहीच नसते. धरण बांधले तर पाणी दिसते, रस्ता केला तर वाहने धावतात; परंतु जी साथ पसरलीच नाही, तिची कोनशिला कोठे बसविणार? प्राणघातक सांसर्गिक रोगांच्या संशोधनासाठी उभारलेल्या बंदिस्त प्रयोगशाळांचा खर्च याच वर्गात मोडतो.

अशा प्रयोगशाळांचे जैवसुरक्षेच्या दृष्टीने चार स्तर मानले जातात. ज्या रोगांवर बहुधा औषध वा लस नाही आणि ज्यांत मृत्यूचे प्रमाण फार मोठे आहे, त्यांचे विषाणू चौथ्या स्तरावरच हाताळले जातात. तेथे आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे हवा आत येते, बाहेर निसटत नाही. जी बाहेर सोडावयाची ती सूक्ष्म गाळण्यांतून सोडली जाते. सांडपाणीदेखील निर्जंतुक केल्यावाचून बाहेर पडत नाही. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत, २०१२ च्या अखेरीस, मानवी रोगांसाठीची देशातील पहिली चौथ्या स्तराची प्रयोगशाळा सिद्ध झाली.

तिची आवश्यकता दोन घटनांच्या तुलनेवरून ध्यानात येते. २००१ च्या आरंभी सिलिगुडी येथे एका अनोळखी तापाने ६६ जणांना ग्रासले आणि त्यांपैकी ४५ जण दगावले. रुग्णालयातील कर्मचारीही त्यातून सुटले नाहीत. हा निपाह विषाणूचा प्रताप होता, हे जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीतून पुढे कित्येक वर्षांनी जगापुढे आले. २०१८ च्या मे महिन्यात केरळात कोळिकोड येथे तोच रोग उद्भवला, तेव्हा मणिपाल व पुणे येथील तपासण्यांनी काही दिवसांतच त्याचे नाव निश्चित केले. १७ बळी गेले, हे खरे. परंतु संपर्कातील माणसे हुडकून वेगळी ठेवता आल्याने साथ आटोक्यात राहिली. याचे श्रेय केरळच्या आरोग्ययंत्रणेलाही आहेच. तथापि शत्रू कोण हे कळल्याखेरीज यंत्रणा लढणार कोणाशी?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: रोगापासून वाचण्यासाठी रोगच घरात का आणावा? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. देवीच्या रोगाची नैसर्गिक लागण झालेला अखेरचा रुग्ण १९७७ साली सोमालियात आढळला. आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे, देवीच्या विषाणूंवर संशोधन चाललेल्या इमारतीत काम करणारी एक छायाचित्रकार महिला त्याच रोगाने मरण पावली. २००७ साली इंग्लंडमध्येच पिरब्राइट येथील संशोधन-आवारातून लाळ्या-खुरकुताचा विषाणू निसटला व आसपासच्या शेतांवरील जनावरांची कत्तल करावी लागली. चौकशीत दोष आढळला तो गळक्या, जुनाट सांडपाणी-नळांचा. नळ बदलणे आवश्यक आहे, हे आधीच ठाऊक होते. अडले होते ते पैशापाशी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पिरब्राइटचा धडा सर्वांत मोलाचा आहे. भिंती एकदाच बांधाव्या लागतात. दक्षता मात्र रोज विकत घ्यावी लागते. अखंड वीज, गाळण्यांची वेळच्या वेळी तपासणी, प्रशिक्षित माणसे आणि त्यांना टिकवून धरणारे वेतन, हा सारा आवर्ती खर्च आहे. रोगप्रतिबंधाचा लाभ पैसे न देणाऱ्यालाही मिळतो, म्हणून खासगी भांडवल या क्षेत्राकडे सहसा फिरकत नाही. हा भार सरकारलाच उचलला पाहिजे. परंतु साथ आली की तिजोरी उघडते आणि साथ ओसरली की देखभालीच्या तरतुदीवर प्रथम कात्री चालते, हा अनेक देशांतला अनुभव आहे. अपुऱ्या देखभालीची प्रयोगशाळा ही प्रयोगशाळा नसण्याहून अधिक धोक्याची, कारण तेथे विषाणू असतो आणि पहारा नसतो.

म्हणून नव्या प्रयोगशाळेची घोषणा होईल तेव्हा नागरिकांनी तिच्या बांधकामाचा आकडा विचारून थांबू नये. दहाव्या वर्षी तिचे नळ कोणाच्या पैशाने बदलले जाणार, अपघात घडल्यास तो किती तासांत जाहीर होणार आणि स्वतंत्र तपासणी कोण करणार, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे अंदाजपत्रकात व नियमांत लिहिलेली नसतील, तर बंद दारांवर विश्वास ठेवण्यास जनतेला आधार उरत नाही.