क्रिकेट कार्डसंग्रह

क्रिकेट कार्डसंग्रह म्हणजे क्रिकेटपटूंची चित्रे छापलेली छोटी पुठ्ठ्याची कार्डे जमवण्याचा, त्यांची अदलाबदल करण्याचा व ती जतन करण्याचा छंद होय. आवडत्या संघातील नामवंत खेळाडूंची कार्डे मिळवणे हा या छंदाचा गाभा आहे. अमेरिकेत तो बेसबॉलच्या कार्डांभोवती वाढला आणि त्याची मोठी बाजारपेठ झाली. महाराष्ट्रात तो प्रामुख्याने १९८० व १९९० च्या दशकांत शाळकरी मुलांच्या खिशांत वाढला. खेळण्यासाठीच वापरली गेल्यामुळे येथील जुनी कार्डे चांगल्या स्थितीत क्वचितच आढळतात.

उगम

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे पातळ कागदाची असत. आतील माल चेंगरू नये म्हणून त्यांत एक ताठ पुठ्ठा घातला जाई. या कोऱ्या पुठ्ठ्यावर प्रथम जाहिरात आणि नंतर चित्रे छापली जाऊ लागली. ब्रिटनमधील विल्स कंपनीने १८९६ मध्ये ५० क्रिकेटपटूंची मालिका काढली. चित्रांना क्रमांक दिल्यामुळे मालिका पुरी करण्याची ओढ लागे व ग्राहक तेच पाकीट पुन्हा घेई. विक्रीची ही युक्ती आजतागायत टिकून आहे. त्याच वर्षी मँचेस्टर येथे इंग्लंडकडून कसोटी पदार्पणात शतक झळकावणारे रणजितसिंहजी यांचे चित्रही त्या काळच्या सिगारेट कार्डांवर आढळते. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईमुळे १९४० मध्ये ब्रिटनमधील ही प्रथा बंद पडली. अमेरिकेत तत्पूर्वीच कार्डे तंबाखूकडून च्युइंगमकडे वळली होती.

सर्वांत प्रसिद्ध बेसबॉल कार्ड पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या होनस वॅग्नर यांचे आहे. अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९ ते १९११ या काळातील मालिकेतील हे कार्ड वॅग्नर यांच्या आक्षेपामुळे लवकरच मागे घेण्यात आले. आक्षेप मुलांना तंबाखूची गोडी लागेल म्हणून होता की मोबदल्यावरून, याविषयी मतभेद आहेत. यातील एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटल यांच्या १९५२ च्या टॉप्स कार्डाची कथा याहून उद्बोधक आहे. त्या मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये अडगळ म्हणून समुद्रात बुडवली. वाचलेल्यांपैकी एका उत्तम प्रतीला २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले.

महाराष्ट्रातील परंपरा

छापील कार्डे सर्रास मिळू लागण्यापूर्वी मराठी मुले काडेपेटीचे छाप आणि सिगारेटची रिकामी पाकिटे जमवून त्यांवर खेळ खेळत. क्रिकेटवेड्यांकडे याशिवाय कात्रणांची वही असे. वृत्तपत्रांतील व ‘स्पोर्टस्टार’सारख्या नियतकालिकांतील छायाचित्रे कापून ती खळीने वहीत चिकटवली जात. २५ जून १९८३ रोजी भारताने विश्वचषक जिंकला. त्या संघात सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील व रवी शास्त्री हे मुंबईचे खेळाडू असल्यामुळे या वह्यांना भरते आले.

त्यानंतरच्या काळात ‘बिग फन’ या बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रे मिळू लागली. त्यांवर धावा अथवा बळी छापलेले असत. ठरावीक धावा जमल्या की त्या बदल्यात भेटवस्तू मिळे. पाने भराभर उलटली असता फलंदाज फटका मारताना दिसे अशी छोटी पुस्तिका त्यांत विशेष आवडीची होती. बक्षिसासाठी हातची चित्रे द्यावी लागत. म्हणजे जो मुलगा सर्वाधिक उत्साहाने जमवी, त्याच्याकडे शेवटी सर्वांत कमी उरे. नव्वदच्या दशकात सामने, धावा व सरासरी यांच्या आकड्यांवर खेळायची ट्रम्प कार्डे आली, तर २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाल्यानंतर टॉप्सची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डे बाजारात आली.

टपाल तिकिटे हे या छंदाचे भावंड म्हणता येईल. भारतीय टपाल खात्याने १९९६ मध्ये दि. ब. देवधर, विजय मर्चंट, विनू मांकड व सी. के. नायडू यांच्यावर तिकिटे काढली. सचिन तेंडुलकर यांच्या २०० व्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, त्यांच्यावरील तिकिटे प्रसिद्ध झाली.

मूल्य कशावर ठरते

केवळ वय वाढल्याने कार्ड मौल्यवान होत नाही. खेळाडूची कीर्ती, शिल्लक प्रतींची संख्या, अस्सलपणा आणि स्थिती या चार गोष्टी पाहिल्या जातात. खेळाडूच्या कारकिर्दीतील पहिल्या कार्डाला बहुधा अधिक मागणी असते. अमेरिकेत स्वतंत्र संस्था कोपरे, कडा, पृष्ठभाग व चित्राची मध्यरेषा तपासून १ ते १० असा दर्जा ठरवतात आणि कार्ड पारदर्शक पेटीत बंद करून देतात. एका अंकाच्या फरकाने किंमत कित्येक पटींनी बदलते. मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी गुंतवणूक म्हणून कार्डांचे गठ्ठे विकत घेतले, कंपन्यांनी छपाई बेसुमार वाढवली, आणि सर्वांनीच जपून ठेवल्यामुळे त्यांतील बहुतेक कार्डांना आज नगण्य भाव आहे. मोहरबंद पुडीत कोणते कार्ड निघेल हे आधी कळत नसल्याने मुलांच्या हातून पैसा वाहतो, हा या व्यवसायावरील आक्षेप रास्तच आहे.

कोकण किनाऱ्यावरील जतन

देवगड, मालवण, वेंगुर्ले यांसारख्या किनारी गावांत मुख्य प्रश्न दमटपणाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कागद ओलावा शोषून वाकतो, एकमेकांना चिकटतो व त्यावर बुरशी धरते. खळ आणि डिंक हे कसरीचे आवडते खाद्य असल्याने चिकटवलेली कार्डे आधी खाल्ली जातात. चाकरमान्यांच्या मुलांनी सुट्टीत गावी आणून माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेला ठेवा असाच नष्ट होतो. पत्र्याच्या ट्रंकेला आतून घाम सुटतो आणि गंजाचे डाग कागदावर उतरतात.

पावसाळा सरल्यावर कपड्यांना व पोथ्यांना ऊन दाखवण्याची घरोघर रीत आहे. रंगीत छपाईला मात्र थेट ऊन मानवत नाही, ती सावलीत वाऱ्यावर ठेवावी. कार्डे एकेक करून पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय आहे. पुड्या ओलावल्या की बदलाव्या लागतात. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लास्टिक मऊ पडते. लॅमिनेशन केलेल्या कार्डाचे संग्राह्य मूल्य जवळजवळ संपते, कारण ते पूर्ववत करता येत नाही.

जुन्या वहीत चिकटवलेली चित्रे विक्रीसाठी उपटण्याचा मोह होतो. तसे केल्यास मागचा कागद फाटून चित्राची किंमत उतरते. शिवाय वहीच्या समासात मुलाने लिहून ठेवलेली सामन्याची तारीख व धावसंख्याही चित्रापासून तुटते. अशी वही सापडल्यास पानांमध्ये आम्लरहित कागद घालून ती अखंडच ठेवावी.