झोळीची गाठ

मराठीत गाठ या शब्दाचे कुळ मोठे आहे. माणसे भेटतात तेव्हा गाठ पडते, विसरू नये अशा गोष्टीची मनाशी खूणगाठ बांधली जाते आणि वयाबरोबर अनुभव गाठीशी जमत जातो. दोराच्या गाठीचे मात्र आपल्या भाषेने दोनच नेमके वर्ग केले आहेत. ओढावी तसतशी आवळत जाते आणि सहजी सुटत नाही ती निरगाठ. मोकळे टोक ओढताच सुटते ती सुरगाठ. झोळी टांगणाऱ्याला या दोहोंचे गुण एकाच गाठीत हवे असतात. झोळीत माणूस असेपर्यंत ती तसूभरही सरकता कामा नये आणि माणूस उतरल्यावर कोयत्याचे साहाय्य न घेता हाताने सुटली पाहिजे. अशी गाठ कशी बांधावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा प्रयत्न आहे. विद्यार्थ्यांच्या रानातील शिबिरांत हा प्रश्न दरवर्षी निघतो, म्हणून त्याला स्मरणिकेत स्थान दिले आहे.

झोळीचे दोन वंश

हल्ली शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पर्यटक कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी येतात आणि दोन झाडांमध्ये नायलॉनचा झुला बांधून पहुडतात. हा झुला मूळचा अमेरिका खंडाकडील बेटांवरचा. तेथील ताईनो लोक त्याला ‘हमाका’ म्हणत. १४९२ मध्ये कोलंबसाने तो पाहिला. पुढे तो युरोपच्या जहाजांवर खलाशांचे अंथरूण झाला आणि त्याच शब्दावरून इंग्रजीतील ‘हॅमॉक’ हे नाव आले.

आपल्याकडील झोळीला मात्र असा प्रवास करावा लागला नाही. जुने लुगडे अथवा चादर आणि हातभर दोर एवढ्या सामग्रीवर ती पिढ्यान्‌पिढ्या टांगली जात आहे. वीटभट्टीवर कामाला गेलेली कातकरी माता आंब्याच्या सावलीत लेकरू झोळीत निजवते. ज्या ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत अद्याप रस्ता पोहोचलेला नाही, तेथून आजारी माणसाला अथवा अडलेल्या बाळंतिणीला वेळूला बांधलेल्या झोळीतूनच खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीपर्यंत वाहन जाईल अशी वाट नव्हती. बचाव पथके पावसात डोंगर चढून गेली. अशा ठिकाणी दोर, कापड आणि गाठ यांचे ज्ञान ही करमणूक राहत नाही.

या ज्ञानाचा इतिहासही ध्यानात घेण्याजोगा आहे. जुन्या गावगाड्यात वाख आणि अंबाडीपासून कासरे, दावी, नाडे आणि चऱ्हाटे वळण्याचे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. विहिरीची मोट त्या दोरावर चालली आणि बैल त्या दाव्याला बांधले गेले. वळणारे हात मात्र गावकुसाबाहेर ठेवले गेले. कोणत्या धाग्याला किती पीळ द्यावा, कोणता दोर पाण्यात टिकतो, हे शास्त्र त्या हातांना अवगत होते. ते ग्रंथांत नोंदले गेले नाही, एवढ्याने ते शास्त्र नव्हते असे ठरत नाही.

दोर आणि झाड

सुती दोर हाताला मऊ असतो आणि त्यात गाठ चांगली बसते. परंतु ओला राहिला तर कुजतो. काथ्याचा सुंभ खरखरीत असल्याने गाठ धरून ठेवतो, पण त्याची ताकद बेताची. नायलॉन बळकट खरा, परंतु तो ताणाने लांबतो आणि गुळगुळीतपणामुळे त्यातील गाठ सरकण्याचा संभव असतो. बाजारात मिळणारा रंगीत प्लास्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो. वर्षभर अंगणात पडून राहिलेला असा दोर माणसाच्या भारासाठी वापरू नये. शिवाय कोणतीही गाठ दोराची ताकद घटवते, कारण गाठीतील तीव्र वळणावर सर्व धाग्यांना समान ताण मिळत नाही. म्हणून दोर गरजेपेक्षा बराच अधिक बळकट घ्यावा.

झाड जिवंत आणि मांडीपेक्षा जाड असावे. आंबा, जांभूळ, ऐन ही झाडे योग्य. शेवगा आणि पांगारा दिसायला भक्कम, पण लाकूड कच्चे. वर वाळकी फांदी किंवा तांबड्या मुंग्यांचे घरटे नाही ना, हे आधी पाहावे. दोराखाली गोणपाटाची घडी घातल्यास साल सोलवटत नाही.

ताणाचे गणित

झोळी तुटण्याचे कारण पुष्कळदा गाठीत नसते, तर दोर फार ताठ बांधण्यात असते. दोर जितका आडवा, तितका त्याच्यावरील ताण अधिक. पन्नास किलो वजनाचा विद्यार्थी झोळीत बसला आणि दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरावर सुमारे ५० किलोचा ताण येतो. कोन १५ अंश झाला की तो सुमारे ९७ किलो, १० अंशांवर १४४ किलो आणि ५ अंशांवर जवळजवळ २८७ किलो होतो. विद्यार्थी तोच आणि दोरही तोच. केवळ हौसेने ताठ ओढल्यामुळे भार पाचपटीहून अधिक वाढला.

३० अंश मोजण्यास कंपासपेटी लागत नाही. झोळीपासून झाडापर्यंतचा दोर २ हात असेल, तर त्याचे झाडाकडील टोक झोळीकडील टोकापेक्षा १ हात उंच असावे. झाडांमधील अंतर १० ते १५ फूट ठेवावे आणि माणूस बसल्यावर झोळी जमिनीपासून गुडघ्याहून उंच राहू नये.

तीन गाठी

क्लिफर्ड ॲशले यांच्या १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाठींच्या ग्रंथात ३८०० हून अधिक नोंदी आहेत. आपल्या कामाला तीन पुरेत.

पहिली गाठ कापड आणि दोर यांच्या जोडाची. इंग्रजीत तिला ‘शीट बेंड’ म्हणतात. कापडाचे टोक चुणून एकत्र घ्यावे आणि दुमडून त्याचा आकडा करावा. दोराचे टोक या आकड्यातून खालून वर काढावे, आकड्याच्या दोन्ही पदरांना मागून दोन वेढे द्यावेत आणि शेवटी ते टोक दोराच्याच वर आलेल्या भागाखालून सरकवावे. पुन्हा आकड्यातून खाली नेऊ नये. कापडाचे आणि दोराचे मोकळे टोक एकाच बाजूस आले म्हणजे गाठ बरोबर झाली. जाड कापड आणि बारीक दोर जोडण्यास ही उत्तम.

दुसरी ‘बोलाइन’, पहिल्या झाडासाठी. दोर झाडाभोवती फिरवून टोक हाती घ्यावे. झोळीकडे जाणाऱ्या दोरावर एक लहान वळे करावे. त्यात झाडाकडील पदर वर आणि झोळीकडील खाली हवा. टोक या वळ्यातून खालून वर काढावे, झोळीकडील दोराच्या मागून फिरवावे आणि त्याच वळ्यातून परत खाली न्यावे. ससा बिळातून वर आला, झाडामागून फिरला आणि पुन्हा बिळात शिरला, अशी ही गोष्ट मुलांना सांगितली की हात चुकत नाही. ही गाठ भाराखाली फास होऊन झाडाला आवळत नाही आणि भार उतरल्यावर सहज सुटते.

तिसरी गाठ दुसऱ्या झाडासाठी. येथे लांबी कमीअधिक करावी लागते, म्हणून खोडाला दोराचे दोन वेढे द्यावेत. बराचसा भार या वेढ्यांचे घर्षणच पेलते, त्यामुळे बांधताना दोर हातातून निसटत नाही. मग झोळीकडे जाणाऱ्या दोराभोवती दोन अर्धगाठी एकाच दिशेने माराव्यात. दिशा उलटली तर गाठ ढिली पडते. वेळूला झोळी बांधताना हीच गाठ पेराला लागून मारावी. म्हणजे चालताना ती घसरत नाही.

दोन दोर जोडण्यासाठी मात्र आपण पिशवीच्या तोंडाला मारतो ती साधी दुहेरी गाठ कधीही वापरू नये. ॲशले यांनी या गाठीविषयी फार कडक इशारा दिला आहे : तिच्यामुळे जितके प्राण गेले असतील, तितके दुसऱ्या अर्धा डझन गाठींमुळेही गेले नसावेत, असे त्यांचे मत. सुरगाठीवरही माणसाचा भार सोपवू नये.

भार देण्यापूर्वी

प्रत्येक गाठ ओली करून आवळावी आणि मोकळे टोक किमान वीतभर शिल्लक ठेवावे. आधी हाताने, मग शरीराच्या अर्ध्या भाराने झोळी खाली ओढून पाहावी आणि त्यानंतरच सावकाश बसावे. रात्रभर टांगलेल्या झोळीच्या गाठी सकाळी पुन्हा तपासाव्यात. दवाने आणि हालचालीने दोर सैल होतो. झोळीत लेकरू असेल, तर दोराचे कोणतेही लोंबते टोक अथवा वळे त्याच्या हाताशी येऊ देऊ नये. आणि बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या एकाने प्रत्येक गाठ पाहावी, हा नियम शिबिरात आम्ही कोणालाही सोडत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी यांतील एखादी गाठ आयुष्यभर मारलेली असते. तिचे पुस्तकी नाव तेवढे त्यांना ठाऊक नसते. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे की, सुटीत घरी गेल्यावर दोराचा एक तुकडा त्यांच्या हाती द्यावा, त्यांची गाठ पाहून घ्यावी आणि तिची रीत व आपल्या वाडीतील तिचे नाव वहीत उतरवून आणावे. कोणत्या दोराला, कोणत्या कामासाठी आणि कोणाकडून ते ती शिकले, हेही विचारावे. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवण्यास आम्हांस आनंदच वाटेल.