चाक दुसरीच्या हाती देताना



मोटारींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच येतो. आज आम्ही सांगणार आहोत जर्मनीच्या सोफिया फ्लोर्शविषयी.

लहानग्या कार्ट गाड्यांतून ती एकआसनी गाड्यांच्या शर्यतीत आली. या गाडीत एकच जण बसतो, शर्यत साधारण तासाच्या आत संपते, जिंकणं-हरणं एकटीचं. नोव्हेंबर 2018 मध्ये मकाऊला तिची गाडी ताशी सुमारे 276 किलोमीटर वेगात हवेत उडून कुंपणावर आदळली. सोफिया तेव्हा 17 वर्षांची. पाठीचा मणका मोडला, मोठं ऑपरेशन झालं. पण वर्षभरातच ती त्याच मकाऊत पुन्हा शर्यतीला उभी राहिली.

2020 मध्ये ती फ्रान्समधल्या ल मां इथल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरली. ही शर्यत 24 तास चालते. एका गाडीला तीन चालक. सहा तासांत कुणालाही चार तासांहून जास्त चालवता येत नाही. सोफियाच्या जोडीला कोलंबियाची तातियाना काल्देरोन आणि नेदरलँड्सची बाइट्स्के फिसर होत्या.

इथं नुसता वेग पुरत नाही. गाडीची ठेवण तिघींना जमेल अशी ठेवायची, टायर जपायचे, रात्रीच्या अंधारात डोकं शांत ठेवायचं आणि पाळी संपली की गाडी धडधाकट दुसरीच्या हाती द्यायची. एकीची घाई तिघींना भोवते. गटाची हिशेबवही नव्या सचिवताईंकडे सोपवताना आम्हीही हेच पाहतो, नाही का?

तिघींनी गाडी शेवटपर्यंत नेली आणि एलएमपी-टू या आपल्या वर्गात नववा क्रमांक मिळवला.