ड्रमवादकांच्या तक्रारी : नियम कोणता आणि आवड कोणती?

लग्नाच्या स्वागत समारंभात किंवा सणाच्या कार्यक्रमात एकाच ड्रमसेटवर दोन वादकांना आळीपाळीने वाजवावे लागले, तर एक प्रसंग हमखास पाहावयास मिळतो. पहिला वादक उठतो, दुसरा येऊन बसतो आणि वाजविण्याआधी डागडुजीच सुरू करतो. तो स्टूल खाली घेतो, झांजा आडव्या करतो, स्नेअर जवळ ओढतो आणि पेडलाची स्प्रिंग सैल करतो. गायक घड्याळाकडे पाहू लागतो आणि बाजूला उभा असलेला पहिला वादक मनातल्या मनात चरफडत असतो. ‘याला बसायचेच कळत नाही, मग वाजविणार काय?’ असा त्याच्या मुद्रेवरील भाव असतो. काही वेळाने तो पुन्हा वाजवावयास बसतो, तेव्हा सारी मांडणी पूर्ववत केली जाते. आता चरफडण्याची पाळी दुसऱ्याची असते.

व्हायोलिन, पेटी किंवा तबला वाजविणाऱ्यांतही मतभेद असतात. परंतु ड्रमवादकांच्या तक्रारींची यादी जितकी लांब असते, तितकी क्वचितच दुसऱ्या कुणाची असेल. काठी कशी धरावी, झांज किती उंच असावी, बेस ड्रममध्ये उशी घालावी की नाही, एका माणसाला किती ड्रम लागतात, अशा प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाचे ठाम मत असते. आपल्या गायनवृंदांत आणि वाद्यवृंदांत आज अनेक तरुण ड्रम वाजवितात. ज्येष्ठांच्या या तक्रारी त्यांच्या कानी सतत पडतात. त्यांपैकी कोणत्या मनावर घ्याव्यात आणि कोणत्या हसून सोडून द्याव्यात, हे समजावे म्हणून हा लेखप्रपंच.

इतके मतभेद का?

याचे उत्तर वाद्याच्या जन्मातच आहे. ड्रमसेट हे मुळात एक वाद्य नव्हे. लष्करी आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण, लहान ड्रम दुसरा आणि झांजा तिसरा वाजवीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नाचगृहांत आणि रंगमंचांवर जागा थोडी आणि पैसेही थोडे, म्हणून ही कामे एकाच वादकाकडे आली. त्यासाठी पायाने ढोल वाजविण्याची सोय हवी होती. शिकागो येथे लुडविग बंधूंनी १९०९ साली आपली कंपनी सुरू केली, ती जलद चालणाऱ्या अशाच एका पेडलाच्या बळावर. पुढे १९२०च्या दशकात पायाने उघडझाप करावयाच्या दोन झांजा उंचावत गेल्या आणि ‘हाय-हॅट’ तयार झाला.

अशा रीतीने वेगवेगळी वाद्ये एका माणसाभोवती मांडली गेली. पेटीच्या पट्ट्यांची जागा कारखान्यात ठरते; ड्रमसेटची मांडणी मात्र वादक स्वतः ठरवितो. दोन माणसांच्या हातापायांची लांबी सारखी नसते आणि दोघांच्या गुरूंची शिकवणही सारखी नसते. म्हणून ‘माझी मांडणी बरोबर, तुझी चूक’ हा वाद या वाद्याच्या वाट्याला कायमचा आला आहे.

या तक्रारींची विभागणी तीन गटांत करता येते. पहिल्या गटातील तक्रारींना शरीराचा आणि वस्तूंचा आधार आहे, दुसऱ्या गटातील तक्रारींना संगीताचा आणि तिसऱ्या गटातील तक्रारींना केवळ आवडीचा.

शरीर, कान आणि वस्तू

सर्वांत गंभीर तक्रार आवाजाची आहे. ‘हा फार जोरात वाजवितो’ हे वाक्य अनेकदा चिडून उच्चारले जाते. परंतु त्यामागे ठोस कारण आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक सहन करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने केलेली आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. बंद खोलीत जोराने वाजविलेला ड्रमसेट १०० डेसिबलची पातळी सहज ओलांडतो. अंतर्कर्णातील ज्या सूक्ष्म केसपेशींमुळे आपल्याला ऐकू येते, त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानात सतत घणघणणारा आवाज पुढे आयुष्यभर सोबत करू शकतो. तेव्हा सरावाला बसताना कानात बोळे घालणारा मुलगा भित्रा ठरत नाही. तो शहाणा असतो. त्याची चेष्टा कुणी करीत असेल, तर ती थांबविणे हे ज्येष्ठांचे काम आहे.

दुसरी तक्रार बैठकीची. फार खाली बसले की गुडघे नितंबांपेक्षा वर जातात, पाठ वाकते आणि पायाचे वजन उचलताना कंबरेवर ताण येतो. म्हणून मांडी किंचित खाली उतरती राहील अशी उंची बहुतेक शिक्षक सुचवितात. ज्येष्ठ वादक स्टूलकडे बोट दाखवितो, तेव्हा त्याला स्वतःची दुखरी पाठ आठवत असण्याची शक्यता अधिक.

तिसरी तक्रार झांजांची. अनेक नवशिके झांज स्टँडवर इतकी घट्ट आवळतात की ती हलतच नाही. झांजेने आघातानंतर डोलले पाहिजे. ती डोलली नाही, तर आघाताचा सारा ताण धातूवर पडतो आणि कालांतराने तडा जातो. स्टँडच्या दांड्यावरील प्लास्टिकची लहान नळी हरवली आणि तशीच झांज बसविली, तर धातूवर धातू घासून मधले भोक झिजत जाते. नळीची किंमत नगण्य, झांजेची मात्र हजारांत. तसेच झांजेवर काठी सरळ खाली आपटण्याऐवजी ओझरता फटका मारावा, असे सांगितले जाते. त्याने ध्वनीही मोकळा होतो आणि झांजही टिकते.

बेस ड्रम पुढे सरकण्याचा वैताग सर्वांनाच ठाऊक आहे. गुळगुळीत फरशीवर प्रत्येक आघाताबरोबर तो बोटभर पुढे जातो आणि गाणे संपेपर्यंत वादक स्टूलच्या कडेवर आलेला असतो. खाली एक जाड सतरंजी अंथरली की प्रश्न मिटतो. त्याचप्रमाणे स्नेअरच्या खालच्या तारा. कुणी भाषण करीत असताना किंवा बेस गिटार वाजत असताना त्या आपोआप झणझणतात. बाजूचा खटका खाली पाडला की त्या गप्प होतात. ज्याला हा खटका आठवतो, त्या वादकावर निवेदक मनापासून खूष असतो.

गाण्यासाठी वाजविणे

दुसऱ्या गटातील तक्रारी संगीताच्या आहेत आणि त्यांत अग्रस्थानी ‘अति वाजविणे’ हा दोष आहे. गायकाची ओळ सुरू असताना मध्येच साऱ्या ड्रमवरून घरंगळत जाणारी ‘फिल’ वाजविली की शब्द बुडतात. ओळ संपल्यावर, श्वासाच्या जागी तीच फिल शोभून दिसते. दुसरा दोष लय चढण्याचा. फिल सुरू झाली की हात उत्साहाने पळू लागतात आणि समेवर येईपर्यंत गाण्याची गती वाढलेली असते. मेट्रोनोमबरोबर सावकाश सराव करणे, हाच यावर उपाय आहे. तिसरा दोष हाय-हॅट सतत अर्धवट उघडा ठेवण्याचा. त्या खळखळाटात गायकाची व्यंजने आणि गिटारचे सूर हरवून जातात.

संयम म्हणजे काय, हे जो मोरेलो यांच्याकडून शिकावे. डेव्ह ब्रुबेक यांच्या चौकडीने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेली ‘टेक फाइव्ह’ ही रचना पाच मात्रांची आहे. तीत मोरेलो यांचे एकलवादन आहे. परंतु पियानो मागे तोच ठेका धरून राहतो आणि मोरेलो त्यावर मोकळ्या जागा सोडीत वाजवितात. रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स (१९४१–२०२१) स्नेअरवर आघात करताना हाय-हॅटवरचा हात उचलून घेत. त्यामुळे स्नेअरचा आघात स्वच्छ ऐकू येई. कमी वाजवूनही आपली ओळख राहते, हे त्यांनी जवळजवळ सहा दशके दाखवून दिले.

आपल्याकडील चित्रपटसंगीतातही हीच शिस्त होती. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी, लेस्ली गोदिन्हो, फ्रँको वाझ अशा वादकांनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत हिंदी चित्रपटगीतांना ताल दिला. त्या काळी गायक आणि वाद्यवृंद एकत्रच ध्वनिमुद्रण करीत. एकाचा आवाज वाढला की सर्वांना पुन्हा सुरुवात करावी लागे. तेव्हा गाण्याला हवे तेवढेच वाजविणे हा पोटापाण्याचा प्रश्न होता.

निव्वळ आवडीचे प्रश्न

तिसरा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत कडाक्याच्या वादांचा आहे. गंमत अशी, की या गटातील प्रत्येक ‘नियम’ कुणा ना कुणा थोर वादकाने मोडलेला आहे.

काठी धरण्याचेच पाहा. डाव्या हाताचा तळवा वर करून काठी अंगठ्याच्या बेचक्यात धरण्याची ‘पारंपरिक’ पद्धत सैनिकांकडून आली. ड्रम पट्ट्याने गळ्यात अडकविला की तो एका बाजूला कलतो, म्हणून डावा हात तसा धरावा लागे. ड्रम स्टँडवर आला, कल गेला. परंतु पकड राहिली. बडी रिच (१९१७–१९८७) यांच्यासारख्या जॅझवादकांनी ती शिखरावर नेली. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘एड सलिव्हन शो’मध्ये सुमारे ७ कोटी ३० लाख अमेरिकन प्रेक्षकांनी बीटल्सना पाहिले. त्यांत रिंगो स्टार दोन्ही काठ्या सारख्याच धरून वाजवीत होते. त्यानंतर असंख्य मुलांनी तीच पकड उचलली. आज दोन्ही पकडींचे कैवारी एकमेकांवर टीका करतात. ऐकणाऱ्याला मात्र डोळे मिटून फरक ओळखता येणार नाही.

रिंगो स्वतः डावखुरे. परंतु ते उजव्या हाताच्या मांडणीवर वाजवितात. त्यांच्या फिल वेगळ्या वाटतात, त्याचे हे एक कारण. उलट फिल कॉलिन्स यांनी सारी मांडणीच डावी करून घेतली. हाय-हॅटवर उजवा हात आडवा टाकून वाजविण्याची रूढी बिली कोबम यांनी सोडली आणि हात न ओलांडता वाजविले.

ड्रमची संख्या हाही वादाचा विषय. चार्ली वॉट्स लहानशा सेटवर समाधानी होते. रश या वाद्यवृंदाचे नील पिअर्ट (१९५२–२०२०) चहूबाजूंनी वेढणाऱ्या ड्रममध्ये बसत. दोघांनाही लाखो श्रोत्यांनी डोक्यावर घेतले. ड्रमचा नाद दाबावा की मोकळा सोडावा, हाही प्रश्न तसाच. बीटल्सच्या शेवटच्या वर्षांत रिंगो ड्रमवर चहाचे टॉवेल पसरून वाजवीत. लेड झेपलिनचे जॉन बॉनम यांना मात्र घुमणारा नाद हवा असे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) साठी त्यांचे ड्रम एका जुन्या वास्तूच्या जिन्याखालच्या दालनात ठेवून वर ध्वनिग्राहक टांगले होते. याच बॉनम यांच्या पेडलाची कुरकुर ‘सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू’ (१९७०) या गीतात स्पष्ट ऐकू येते. ज्या कुरकुरीने आपले वादक बेचैन होतात, ती पन्नासहून अधिक वर्षे जग ऐकत आहे.

आणि ज्यांना वाटते की ड्रमसेट स्टूलवर बसूनच वाजविला पाहिजे, त्यांनी मुंबईत १९५१ साली जन्मलेले त्रिलोक गुर्टू यांना पाहावे. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे हे पुत्र. ते जमिनीलगत बसतात, तबला आणि झांजा एकत्र मांडतात आणि वाजणाऱ्या धातूच्या तबकड्या पाण्याच्या बादलीत बुडवून त्यांचा सूर वाकवितात. कोणत्याही पुस्तकात न बसणारी ही मांडणी जगभर गौरविली गेली.

कालची तक्रार, आजचा पाठ

इतिहास आणखी एक गोष्ट शिकवितो. १९४०च्या सुमारास केनी क्लार्क (१९१४–१९८५) यांनी बेस ड्रमवरचा अखंड ठेका उचलून मोठ्या झांजेवर नेला आणि बेस ड्रम अनपेक्षित आघातांसाठी मोकळा ठेवला. नाचणाऱ्यांना पायाखालचा ठेका गेल्यासारखे वाटले आणि जुन्या वादकांनी नाके मुरडली. आज जॅझ शिकणाऱ्याला पहिल्याच धड्यात झांजेवरचा तो ठेका शिकविला जातो. मात्र प्रत्येक तक्रारीचे असे होतेच असे नाही. मेटॅलिका यांच्या ‘सेंट अँगर’ (२००३) मध्ये स्नेअरच्या तारा सोडून वाजविलेला पत्र्यासारखा टणत्कार श्रोत्यांना तेव्हाही खटकला आणि आजही खटकतो. काळ काही तक्रारी खोडून काढतो, काही कायम ठेवतो.

दुसऱ्याच्या ड्रमसेटवर बसताना

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. सेट सामायिक असेल, तर स्नेअर, झांजा, पेडल आणि काठ्या शक्यतो स्वतःच्या आणाव्यात. मोठे ड्रम तसेच राहू द्यावेत. काही हलविण्यापूर्वी मालकाला विचारावे आणि मूळ जागा खडूने किंवा चिकटपट्टीने खुणेत ठेवावी. ड्रमवर पाण्याचा पेला किंवा कोट ठेवू नये. ही सूचना वादकांपेक्षा इतरांनाच अधिक लागू आहे. वाजवून झाल्यावर सारे होते तसे करून उठावे.

आणि तरुण वादकाला काही सांगावयाचे असेल, तर आधी स्वतःला विचारावे : याने त्याच्या कानांना किंवा पाठीला इजा होणार आहे काय? वस्तू मोडणार आहे काय? गाण्याचे शब्द बुडत आहेत काय? तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल, तर बाजूला घेऊन, कारणासह सांगावे. तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आपल्याला खटकते ती त्याची चूक नसून आपली सवय आहे. अशा वेळी त्याला त्याचे स्टूल हवे त्या उंचीवर ठेवू द्यावे. कारण वारंवार टोकला गेलेला मुलगा सुधारण्याऐवजी काठ्या खाली ठेवून निघून जातो आणि मग तक्रार करावयासही कुणी उरत नाही.