घरातली यंत्रं कुणाशी बोलतात?

घरातल्या वायफायला आत्ता किती वस्तू जोडलेल्या आहेत, असं विचारलं तर बहुतेक जण मोबाईल आणि लॅपटॉप मोजून थांबतात. टीव्ही, दारावरचा कॅमेरा, गिझरचा स्मार्ट प्लग, हॉलमधला स्पीकर हे मोजायचं राहूनच जातं. आमच्या बडोद्याच्या घरात मोजलं तर माणसं पाच आणि यंत्रं १७ निघाली.

ही यंत्रं दिवसरात्र इंटरनेटवर कुणाशी तरी बोलत असतात. बरंचसं बोलणं साधं असतं: घड्याळाची वेळ विचारणं, नवीन अपडेट आलंय का ते पाहणं. पण त्याकडे अजिबात लक्ष न देणं महागात पडू शकतं. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधीच होती. कारखान्यातून आलेले आणि मालकांनी कधीच न बदललेले पासवर्ड एकेक करून वापरून पाहायचे. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या ‘डाईन’ या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अनेकांना उघडेनात. ज्यांची यंत्रं यात वापरली गेली त्यांच्यापैकी बहुतेकांना याचा पत्ताही नव्हता, कारण घरात सगळं नेहमीसारखंच चालू दिसत होतं.

सुरुवात राउटरपासून करा. त्याच्या मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन केलं की जोडलेल्या यंत्रांची यादी मिळते. त्यात ‘एस्प्रेसिफ’सारखं अनोळखी नाव दिसलं तर लगेच घाबरू नका. ही वायफाय चिप बनवणारी कंपनी आहे आणि तिची चिप कितीतरी स्वस्त प्लगांत आणि बल्बांत असते. नक्की कोणतं यंत्र ते कळत नसेल तर एकेक प्लग काढा आणि यादीतून कोण गायब होतंय ते पाहा.

पुढची पायरी म्हणजे ‘पाय-होल’. हे मोफत सॉफ्टवेअर छोट्याशा रास्पबेरी पायवर चालतं, किंवा माळ्यावर पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकूनही चालवता येतं. कोणतंही यंत्र बाहेर बोलण्याआधी डीएनएसला विचारतं, ‘या नावाचा पत्ता काय?’ ही चौकशी पाय-होलमार्फत होऊ लागली की कोणी, कधी, कुणाचा पत्ता विचारला याची नोंद राहते. त्यासाठी पाय-होलच्या यंत्राला कायमचा आयपी पत्ता द्यायचा आणि राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तोच टाकायचा. काही राउटर हा बदल करू देत नाहीत. तिथे राउटरचं डीएचसीपी बंद करून पाय-होलचं सुरू करावं लागतं.

पहिले दोन-चार दिवस काहीही ब्लॉक न करता नुसतं पाहा. नोंदीत फक्त नाव आणि वेळ कळते. आत काय बोलणं झालं ते कळत नाही. म्हणून टीव्हीने रात्री तीन वाजता कुठे चौकशी केली, एवढ्यावरून तो हेरगिरी करतोय असं ठरत नाही. शिवाय काही यंत्रं स्वतःचाच ठरलेला डीएनएस वापरतात. त्यांची नोंद इथे येतच नाही. म्हणजे यादी स्वच्छ दिसली तरी निर्धास्त राहू नये.

आणि आता सगळ्यात नाजूक गोष्ट. त्या यादीत फक्त यंत्रं नसतात, आपली माणसंही असतात. बहिणीने रात्री एक वाजता नोकरीची कोणती साइट उघडली, काकांनी कोणत्या आजाराची माहिती शोधली, याचा अंदाज त्यावरून सहज येतो. पाय-होल बसवताना आजीने मला विचारलं होतं, “हे टीव्हीवर लक्ष ठेवणार की माझ्या टॅबवर?” प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर म्हणून पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या चार पातळ्या आहेत: सगळं दाखवण्यापासून ते कोणी काय विचारलं हे पूर्ण लपवण्यापर्यंत. आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं, की तपासणीचा एक आठवडा पूर्ण नोंद ठेवायची आणि त्यानंतर नावं लपवायची. त्या आठवड्यातही मोबाईल आणि टॅबच्या नोंदी कोणी उघडायच्या नाहीत. ॲडमिनचा पासवर्ड दोघांकडे आहे, एकट्या माझ्याकडे नाही.

हे बोलणं परगावी राहणाऱ्या मुलांनी तर आवर्जून करावं. आईबाबांच्या काळजीपोटी आपण बडोद्यात किंवा इंदूरला कॅमेरा बसवतो आणि पुण्यात किंवा परदेशात बसून तो पाहतो. तो कधी चालू असेल आणि चित्र कोण पाहू शकेल, हे त्यांना माहीत असायलाच हवं.

तपासणी झाली की दुरुस्ती सोपी असते. कॅमेऱ्याचा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला, अपडेट टाका. राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्क असेल तर प्लग, बल्ब आणि कॅमेरे त्यावर हलवा, म्हणजे लॅपटॉप आणि बँकेचे व्यवहार वेगळे राहतील. जे यंत्र कोणी वापरतच नाही, ते सरळ काढून टाका. यातलं पासवर्डचं काम तेवढं या रविवारीच उरकून घ्या. त्याला रास्पबेरी पायही लागत नाही.