करहाकडचा लोहवाणी

कऱ्हाडच्या नैऋत्येला चार-पाच किलोमीटरवर आगाशिवचा डोंगर आहे. जखिणवाडीच्या बाजूने चढू लागले की कड्यात कोरलेल्या खोल्या दिसू लागतात. १८४९ च्या सुमारास बार्टल फ्रिअर यांनी या लेण्यांवर टिपण लिहिले. पुढे जेम्स बर्जेस यांनी मोजदाद केली, ती साठाच्या वर गेली. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला ही लेणी साधीच वाटतील. भिक्षूंच्या लहान खोल्या, निजायला दगडी बाक, काही ठिकाणी स्तूप. एका चैत्यगृहाच्या दाराशी असलेल्या खांबांवर एकीकडे चक्र आणि दुसरीकडे सिंह कोरले आहेत, तेवढीच काय ती सजावट.

ही लेणी कोणी कोरली, असे वर्गात विचारले तर पहिले उत्तर बहुधा 'पांडवांनी, एका रात्रीत' असे येईल. उत्तर हसण्यावारी नेऊ नये. कोणी कोरली हा प्रश्न गावकऱ्यांनाही पडला होता, एवढे त्यावरून नक्की कळते. आपल्याला मात्र पुरावा हवा. इतर लेण्यांत तो दात्यांच्या शिलालेखांतून मिळतो. इथे नाव वाचता येईल असा लेख जवळजवळ एकच आहे. गोपाळाचा मुलगा संघमित्र याने लेणे दान दिले, एवढाच त्याचा मजकूर. त्यात राजाचे नाव नाही, साल नाही आणि गावाचेही नाव नाही.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कऱ्हाडची माणसे शोधायची तर कऱ्हाडमध्ये थांबून भागत नाही. ती बाहेर सापडतात, आणि कुठे सापडतात ते पाहण्यासारखे आहे.

पहिले ठिकाण कोकणात आहे. रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीजवळ कुडा येथे बौद्ध लेणी आहेत. कऱ्हाडपासून हे अंतर सरळ रेषेत दीडशेएक किलोमीटर भरेल. तिथल्या एका लेखात दाता सांगतो की हे लेणे महिक नावाच्या, करहाकडच्या 'लोहवाणिया'ची देणगी आहे. लोह म्हणजे लोखंड आणि वाणिय म्हणजे आपला वाणी. महिक हा लोखंडाचा व्यापारी होता. लेखातला 'लेण' हा शब्द तर आपण आजही जसाच्या तसा वापरतो. कुड्याच्या इतर दात्यांत एक माळी आहे, वैद्याचा मुलगा असलेला वैद्य आहे, महाभोजाचा लेखक म्हणजे कारकून आहे. लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर राजे येतात. इथे मात्र दुकानदार, माळी आणि कारकून यांची रांग लागली आहे.

दुसरे ठिकाण फार दूरचे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुत येथे एक मोठा स्तूप होता. १८७३ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष दिसले. त्याचा कोरीव दगडी कठडा आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्या कठड्यावरील एका लेखात 'करहाकट' येथील निगमाचे दान नोंदलेले आहे. त्याच गावच्या उत्तरगिधिक नावाच्या माणसाने एक स्तंभ दिल्याचीही नोंद आहे. निगम म्हणजे बाजारपेठेचे गाव, किंवा तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना. यांपैकी कोणता अर्थ घ्यावा याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणताही घेतला तरी एक गोष्ट उरते. या गावात एकत्र येऊन, वर्गणी जमवून, एका नावाने दान देणारी माणसे होती. आणि ते दान सरळ रेषेतही हजारएक किलोमीटर दूर पोचले.

इथे चाणाक्ष विद्यार्थी हात वर करील. करहाकट म्हणजे आपले कऱ्हाडच कशावरून? नुसत्या नावाच्या साम्यावर विसंबून कितीतरी स्थलपुराणे रचली गेली आहेत, तेव्हा शंका रास्त आहे.

आधी नावाकडेच पाहू. भारहुतला करहाकट आहे, कुड्याला करहाकड. ट चा ड झाला. हा बदल अपघाती नाही. संस्कृत वट म्हणजे आपला वड, घट म्हणजे घडा, घोटक म्हणजे घोडा, कीटक म्हणजे किडा. दोन स्वरांमध्ये सापडलेला ट प्राकृतात ड होतो, हा नियमच आहे. आता महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दिग्विजयात हेच नाव 'करहाटक' असे येते. म्हणजे क आणि ट यांनी जागा बदलल्या. आपण 'चिकटणे' म्हणतो आणि कोणी 'चिटकणे' म्हणतो, तसेच हे. गंमत अशी की दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला येतात. प्राकृतात दोन स्वरांमधला क पुष्कळदा गळून पडतो. करहाकड मधला क गळला तरी कऱ्हाड, आणि करहाटक मधला शेवटचा क गळून ट चा ड झाला तरी कऱ्हाडच. फळ्यावर हे करून दाखवायला दहा मिनिटे पुरतात, आणि भाषेच्या तासाचे व इतिहासाच्या तासाचे भांडणही थोडे मिटते.

पण ध्वनिनियमाने फक्त शक्यता सिद्ध होते. साखळीची मधली कडी हवी, ती ताम्रपटात मिळते. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८८०, म्हणजे इ. स. ९५९ मधला ताम्रपट कऱ्हाडलाच सापडला. तो रा. गो. भांडारकर यांनी वाचून प्रसिद्ध केला. राजा तेव्हा दक्षिणेत, आजच्या तमिळनाडूतील मेलपाटी येथे तळ देऊन होता. तिथून त्याने गगनशिव नावाच्या शैव आचार्याला करहाट प्रांतातले एक गाव दान दिले. प्रांताचे नाव, दान घेणाऱ्याचा मठ आणि पट सापडल्याची जागा ही तिन्ही एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात. पुढे अकराव्या-बाराव्या शतकात बिल्हण कवीने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य आणि करहाटची शिलाहार राजकन्या चंद्रलेखा यांचे स्वयंवर रंगवले आहे. करहाट हे नाव राज्यकर्त्यांच्या तोंडी रुळलेले होते, हे त्यावरून दिसते.

भारहुतबद्दल मात्र एक पायरी अजून उरते. इतक्या दूरच्या स्तूपाला दख्खनमधून दान जाईल का? तिथल्याच लेखांत नाशिकची गोरखिता आहे, विदर्भातील भोजकटची भिक्षुणी दिङ्नागा आहे. तेव्हा कऱ्हाडकर एकटे नव्हते. आम्हांला विचाराल तर कुड्याचा महिक कऱ्हाडचा हे जवळजवळ निश्चित आणि भारहुतचा निगम कऱ्हाडचा हे फार संभवनीय, असे दोन वेगळे शब्द वापरावेत. सर्वच गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या की विद्यार्थ्यांना पुरावा तोलण्याची सवय लागत नाही.

या लेखांत साल नाही, मग काळ कसा ठरतो? अक्षरांवरून. अशोकाच्या ब्राह्मीत क हे अक्षर अगदी बेरजेच्या चिन्हासारखे आहे. पुढे त्याची उभी रेघ लांबते आणि खालचे टोक वळू लागते. अक्षरांचे माथे जाड होत जातात. अशा खुणा लावून भारहुतच्या कठड्याचे लेख साधारण इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांतले आणि कुड्याचे इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले मानतात. या पद्धतीत पन्नास-शंभर वर्षांची चूक होऊ शकते, हेही सांगून ठेवावे. पण ट आधीच्या लेखात आणि ड नंतरच्या लेखात, हा क्रम ध्वनिनियमाशी जुळतो. लिपी आणि उच्चार हे दोन स्वतंत्र साक्षीदार इथे एकच गोष्ट सांगतात.

आता मूळ कोड्याकडे येऊ. गावाचे नाव गावाबाहेरच का सापडावे? पंढरपूरच्या किंवा जेजुरीच्या पायऱ्यांवर, धर्मशाळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या असतात. दूरचा देणगीदार आपल्या नावापुढे गाव आवर्जून लिहितो. गावातलाच माणूस नुसते नाव लिहितो, कारण त्याला सगळे ओळखतात. महिकाने कुड्याला 'करहाकडचा' असे लिहिले, कारण तिथे तो परका होता. आगाशिवच्या संघमित्राने फक्त बापाचे नाव दिले. तो कऱ्हाडचाच होता असे यातून सिद्ध होत नाही, पण त्याच्या गप्प बसण्याला निदान एक सरळ अर्थ मिळतो.

महिक बौद्ध होता का, हा प्रश्न हमखास येतो. त्याने भिक्षुसंघाला लेणे दिले, एवढेच लेख सांगतो. एकाच घराने भिक्षूंनाही दान द्यावे आणि ब्राह्मणांनाही द्यावे, अशी उदाहरणे सातवाहनांच्या राजघराण्यात आहेत. आजच्या शिरगणतीच्या रकान्यांत त्या काळची माणसे बसवू नयेत. आगाशिवच्याच एका लेण्यात स्तूपाच्या दर्शनी भागावर विठोबाची मूर्ती कोरलेली आहे, आणि डोंगरमाथ्यावर महादेव आहे. त्यावरून कोणी कोणाला हुसकावले अशी कथा रचणे सोपे असते. दगड मात्र फक्त क्रम सांगतो. स्तूप आधीचा, मूर्ती नंतरची. मधल्या काळात भिक्षू निघून गेले होते की हळूहळू कमी झाले, लेणे ओस होते की वापरात, हे मूर्तीवरून ठरत नाही.

लेण्यांची सहल काढणार असाल तर दोन सूचना. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा कोळसा फिरवू नये. सकाळी अथवा संध्याकाळी तिरपा उजेड पडतो तेव्हा झिजलेली रेघही सावलीने उठून दिसते. दुपारी बॅटरी बाजूने धरली तरी तेच काम होते. आणि भिंतींवर हौशी मंडळींनी आपापली नावे खरडलेली दिसली, तर तिथे मुलांना थोडा वेळ थांबवावे. गोपाळाच्या मुलाचे नाव काही रेघांवर टिकून आहे. त्यावर आणखी एक ओरखडा पडला तर ते वाचणे कायमचे बंद होईल.

गावी परतल्यावर मुलांना आपल्या देवळातल्या, शाळेतल्या आणि पाणपोईवरच्या देणगीच्या पाट्या उतरवून आणायला सांगावे. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, धंदा, गाव, रक्कम आणि साल असे रकाने पाडावेत. किती जणांनी गाव लिहिले आणि त्यांतले किती बाहेरचे, हे मोजले की वरचे आमचे अनुमान तुमच्या गावात खरे ठरते का, ते तुम्हांलाच पाहता येईल.